पायाच्या मापाचं पेडल

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी उभं राहून ऐकलं की निम्मी गोष्ट रस्त्यावरच सांडते. देवाच्या दयेने आज हातात घाईचं काम नाही, आणि मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या थोरल्या बहिणीची, एका लाल गाडीची आणि त्या गाडीच्या पेडलची. पेडल म्हणजे रेसचं, ज्यावर पाय दाबला की गाडी पळते ते. एवढ्याशा वस्तूत कसली आलीय गोष्ट, असं वाटेल. वाटू द्या. फक्त एक आधीच कबूल करतो, या गोष्टीतला शहाणा माणूस मी नाही.

मी बूट बांधतो. दुकानातले तयार बूट ज्यांच्या पायात जात नाहीत अशांचे. कोणाचं पाऊल आत वळलेलं, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. हे काम मी शिकलो ते ताईसाठी. तिचा उजवा पाय जन्मापासून अडीच इंच आखूड, आणि पाऊलही दोन नंबर लहान. विशीत असताना मी तिला जाड तळाचा पहिला बूट बांधून दिला, आणि मग चाळीस वर्षं तिच्या उजव्या पायात माझ्या हातचाच बूट. दर वर्षी माप घ्यायला तिचं पाऊल मांडीवर घ्यायचो, तेव्हा मनात भक्तिभाव दाटून यायचा. वाटायचं, देवाकडून अडीच इंच राहून गेलेत, ते आपण भरून काढतोय. बघा किती मोठा घास घेतला होता मी. देवाकडून राहून गेलं म्हणे.

ताई गाड्यांच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायची. तेहतीस वर्षं एकाच मशीनवर. तिच्या डावीकडच्या मशीनवर एक बाई होती, तिला आम्ही सगळे शेजारीणच म्हणायचो. त्या दोघींकडे कारखान्याच्या सगळ्यात देखण्या गाडीचं काम होतं. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, रस्त्याला पोट टेकून पळणारी गाडी. ताई चालकाची सीट शिवायची, शेजारीण बाजूची. कारखान्यात सहीची परवानगी कोण देणार? म्हणून सीटच्या खालच्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, ताई तीन टाके उलटे घालायची आणि शेजारीण एक गाठ मारायची. त्या गाडीत दोघींपैकी कोणीही कधी बसलं नव्हतं. "निवृत्त झालो की एक घेऊ," असं जेवणाच्या सुट्टीत म्हणायच्या आणि हसायच्या. शेजारीण निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गेली. छातीत कळ आली आणि संपलंच.

ताई निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात जुन्या गाड्यांच्या बाजारात जायला लागली. मी बरोबर असायचो. ती लाल, काळी, पांढरी अशी त्या जातीची प्रत्येक गाडी उघडायला लावायची, सीटखाली हात घालायची आणि मान हलवून पुढे जायची. विकणारे वैतागायचे. पाचव्या की सहाव्या फेरीत एका लाल गाडीपाशी तिचा हात सीटखाली थांबला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही हात घातला. विकणारा म्हणाला, "बाई, आधी इंजिन तरी बघा." ताई म्हणाली, "इंजिन तुम्ही बघा. माझं बघून झालं."

हा झाला पूर्वरंग. आता मूळ कथेला हात घालतो.

ताईला गाडी चालवता येत होती. आमची जुनी उंच गाडी ती बूट घालून वर्षानुवर्षं चालवत होती. पण या लाल गाडीत माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसत नाही, अर्धवट आडवा होतो. पाय समोर सरळ, आणि पेडलं वरून लोंबणारी. सीट पुढे ओढली की तिचा धड असलेला डावा गुडघा स्टीअरिंगला अडायचा. मागे सरकवली की उजवा पाय पोचायचा नाही. बूट घातला की पोचायचा, पण रेसवरून ब्रेकवर नेताना जाड तळाची कड ब्रेकच्या खाली अडकायची. पहिल्याच दिवशी अडकली. नशीब, समोर भिंत नव्हती, कुंपणाचं झुडूप होतं.

त्या संध्याकाळी मी कामाच्या खोलीत चामडं काढून बसलो.

"ताई, नवा बूट बांधतो. तळ कडेने तासून निमुळता करतो. अडकणार नाही."

"नको."

"अगं, पंधरा दिवसांचं तर काम."

"तुझे पंधरा दिवस चाळीस वर्षं चाललेत," ताई म्हणाली. "नवी वस्तू आली की माझा पाय बदलायचा. जिने आले, बूट बदला. सायकल आली, बूट बदला. आता गाडी आली. या खेपेला पाय आहे तसा राहील. गाडी बदलेल."

"गाडी कंपनीने बनवलीय. इंजिनिअर लोकांनी विचार करून."

"कोणाच्या पायाचा विचार करून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी रागावलो. उत्तर नसलं की मी रागावतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आतून माझी बायको म्हणाली, "ताई, त्यांना बोलू द्या. चामडं कापायला लागले की शांत होतील."

शेजारच्या गॅरेजमधला फिटर कमी बोलतो, कारण त्याच्या तोंडात कायम एखादा स्क्रू असतो. ताईने त्याला आपला पाय दाखवला, गाडी दाखवली, आणि म्हणाली, "मला पेडल वरून लोंबणारं नको. जमिनीवर टेकलेलं हवं, शिवणाच्या मशीनसारखं. सगळं पाऊल त्याच्यावर ठेवता आलं पाहिजे." फिटरने तोंडातला स्क्रू काढला. असं पेडल मिळतं, म्हणाला. कंपनीचं नाही, बाहेरचं. शर्यतीवाले लावतात. ब्रेकला पुढे आणणारे जाड ठोकळे मात्र खुद्द कंपनीचेच आहेत, ते लावून टाकू.

"यात बसेल?" मी विचारलं.

"बसवलं की बसतं," तो म्हणाला आणि स्क्रू परत तोंडात गेला.

आठवड्याने खोकं आलं. वीतभर लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तळाला बिजागरी, खाली टेकवायला उंच पत्रा, एक दांडी, चार बोल्ट आणि तीन स्प्रिंगा. एक मऊ, एक मध्यम, एक कडक. फिटर गाडीत डोकं खाली, पाय सीटवर असा उलटा शिरला. कंपनीचं पेडल निघालं तेव्हा ते माझ्या हातात दिलं. लांबट, काळं, कोणाच्या तरी मोठ्या पायाने गुळगुळीत झालेलं. मी ते कपड्याने पुसून कपाटात ठेवलं. मनात म्हटलं, लागेलच परत.

फिटर मऊ स्प्रिंग लावत होता. म्हणाला, बाईंना दाबायला सोपं जाईल. ताईने कडक स्प्रिंग उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. "तेहतीस वर्षं कडक पेडल दाबलंय. मऊ पेडलवर टाका चुकतो."

माझ्या खोलीमागे मोकळं अंगण आहे. त्या दिवशी तिथे मी फर्मे उन्हात घातले होते. फर्मे म्हणजे लाकडाचे पाय, ज्यांच्यावर चढवून बूट बांधतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा जोड असतो. तेल देऊन दोनशेएक ओळीत मांडले होते. ताईने उजवा बूट काढला, पातळ कापडी जोडा घातला आणि गाडी सुरू केली. काय सांगू तुम्हाला. अंगणात तिने गाडी अशी फिरवली, जणू कापडाला गोल शिवण घालतेय. ना धक्का, ना हिसका. फिटरसुद्धा हसला, आणि त्याने थांबायला हात वर केला.

आणि इथे ती चूक झाली, जी फक्त शिवणकाम करणारं माणूसच करेल. कारखान्याच्या मशीनला पेडल पुढे दाबलं की सुई चालते. टाच मागे दाबली की मशीन जागच्या जागी थांबतं आणि दोराही कापला जातो. फिटरचा हात वर गेला आणि ताईने टाच दाबली. रेस सुटली, इंजिन शांत झालं, आणि ताई हातांची घडी घालावी इतक्या निवांतपणे, दोरा कापला जायची वाट बघत बसली. गाडी मात्र चालतच राहिली. फर्म्यांच्या ओळीत शिरली. दोनशे लाकडी पाय अंगणभर पळाले, काही गटारापर्यंत गेले. मग ताईला ब्रेक आठवला.

पुढच्या चाकाखालून मी एक फर्मा काढला. मधोमध चिरलेला. उजवा, दोन नंबर लहान. ताईचा.

"बघितलंस?" मी म्हणालो. "आता मी बूट कशावर बांधू?"

"नको बांधूस. बरं झालं."

"बरं झालं? ताई, ते झुडूप होतं, हे लाकूड होतं. उद्या माणूस असेल. फिटर, कंपनीचं पेडल परत लाव."

"हात लावू नकोस," ताई फिटरला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "एक सांगू? तेहतीस वर्षांत मशीनवर बसले की मी बूट काढून ठेवायचे. पेडलखाली लाकडाचा तुकडा सारलेला होता, शेजारणीने आणून दिला होता. सकाळी बूट काढायचा, भोंगा झाला की घालायचा. तुझा बूट मी कामाला कधी वापरलाच नाही. घरून निघायला आणि घरी यायला वापरला, तुला वाईट वाटू नये म्हणून."

फिटर फर्मे गोळा करायच्या निमित्ताने लांब गेला.

खोटं नाही सांगत, मला तो बूट छातीवर ठेवल्यासारखं झालं. चाळीस वर्षांचं माझं काम हिने टेबलाखाली काढून ठेवलं होतं. मी आत जाऊन बसलो. जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुम्ही देवाला इतकं मानता, मग देवाने दिलेल्या पायावर इतका आक्षेप का?" आणि भांडी घासायला निघून गेली. अशी वाक्यं बोलून ती कधी थांबत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेलो तर ताई माझ्या चामडं शिवायच्या मशीनवर बसलेली. सुईत दोरा नाही, खाली चामडं नाही. नुसती पेडल दाबतेय. पुढे, टाच. पुढे, टाच. मशीनच्या डाव्या बाजूला तिने एक वीट ठेवली होती. टाच दाबली की पाऊल उचलून विटेवर न्यायचा प्रयत्न चालला होता. दहातल्या तीन वेळा पाऊल टाचेवरच थांबत होतं.

"मोडत नाहीये सवय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी खाली बसलो. तिचं पाऊल बघत राहिलो. माप घेताना मी नेहमी ते थांबलेलं बघायचो, मांडीवर ठेवलेलं. चालतं पाऊल मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. टाच किती भराभर खाली जात होती. घाबरली की आधी टाचच जात होती, बोटं मागून.

"सवय मोडू नकोस," मी म्हणालो. "टाच दाब. टाच दाबली की पाय आपोआप डावीकडे जाईल असं काहीतरी करू."

तिने पेडल थांबवलं.

मी तळाचं जाड चामडं घेतलं. गाडीत उताणा शिरलो, फिटरने विजेरी धरली. नव्या पेडलच्या तळाशी, जिथे टाच टेकते तिथे, मी चामड्याची एक खोलगट वाटी केली. उजवीकडची कड उंच, डावीकडची उतरती, आतून घोटून गुळगुळीत. टाच जोराने मागे गेली की त्या उतारावरून डावीकडे वळते, आणि बोटं सरळ ब्रेकवर जाऊन पडतात. पाच वेळा केली, चार वेळा फाडली. माप तिच्या उघड्या पायाचं. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी तिच्या पायाच्या मापाचं केलं होतं, आणि ते तिच्या पायात घालायचं नव्हतं.

मग आठ दिवस अंगणात सराव. थांबायची हाक बायकोने द्यायची असं ठरलं, कारण ती कधी ओरडेल याचा नेम नाही. डाळ ढवळता ढवळता खिडकीतून "थांब" म्हणायची. ताई थांबायची. गाडी वीतभरही पुढे जायची नाही. आठव्या दिवशी फिटर म्हणाला, "झालं." त्याच्याकडून हे म्हणजे भाषणच.

पण बाहेरचं पेडल लावून गाडी रस्त्यावर आणायची तर वाहन तपासणीच्या कचेरीची मंजुरी लागते. मंजुरी नाही मिळाली तर गाडी तिथल्याच आवारात ठेवून घेतात. भाड्याच्या टेम्पोवर गाडी चढवून मी, ताई आणि फिटर गेलो. तपासनीस साहेब ताडमाड उंच. बाजूच्या सीटवर बसताना त्यांनी आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग दुसऱ्या पायाचं काय करावं याचा विचार केला. शेवटी दोन्ही गुडघे हनुवटीला लागले. कागद अडकवलेली पाटी ठेवायला मांडीच उरली नाही.

आवाराला तीन फेऱ्या झाल्या. आम्ही कठड्याशी उभे. मी मनातल्या मनात नाम घेत होतो, आणि फिटर नामाच्या ठेक्यावर स्क्रू चावत होता. चौथ्या फेरीत साहेबांनी काही न बोलता समोरच्या फळीवर थाड्कन हात मारला. हीच ती परीक्षा. अचानक थांबायची. गाडी खिळा ठोकल्यासारखी जागेवर थांबली. साहेबांचे गुडघे फळीवर आपटले तो आवाज आम्हाला इथपर्यंत आला.

साहेब बाहेर आले, गुडघा चोळत. वाकून पेडल बघितलं, चामड्याची वाटी बोटाने चाचपली. "हे कोणी केलं?"

"माझ्या भावाने," ताई म्हणाली. "बूट बांधतो तो."

"चांगलंय," साहेब म्हणाले. गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहायला लागले. मी हात जोडले. झालं आपलं काम, म्हटलं.

कागद सहीसाठी ताईपुढे आला. तिने वाचला. पेन खाली ठेवलं.

"हे काय लिहिलंय? बदलाचं कारण, चालकाच्या उजव्या पायात दोष."

"रकाना आहे तो. काहीतरी लिहावंच लागतं."

"मग खरं लिहा."

"बाई, पाय आखूड आहे की नाही तुमचा?"

"आहे. दोष नाही. त्याच पायाने आत्ता तुम्ही हात मारल्यावर गाडी थांबवली."

"सही केली नाहीत तर मंजुरी नाही. गाडी इथे राहील."

मी पुढे झालो. "ताई, कर सही. कागदच तर आहे. कपाटात पडेल."

"कपाटात पडेल म्हणूनच," ताई म्हणाली. "मी गेल्यावर तो तिथेच असेल." तिने गाडीची किल्ली कागदावर ठेवली, पेनाशेजारी. "राहू दे गाडी इथे. माझं शिवलेलं मी बघून घेतलंय. पण हे लिहून घेऊन मी घरी जाणार नाही."

मला माहीत होतं, ती नुसतं बोलत नाही. ती खरंच चालत परत गेली असती, बूट न घालता, अडीच इंच खाली-वर होत, आवाराच्या फाटकापर्यंत.

साहेब चिडले होते. मी बघितलं, त्यांचा हात पुन्हा गुडघ्याकडे गेला. ताईनेही बघितलं.

"लागलं का हो फार?"

"ही गाडीच कसली आखूड," साहेब म्हणाले. "बसताच येत नाही."

"गाडी आखूड," ताई म्हणाली. "तुमच्या पायात दोष नाही ना?"

फिटरच्या तोंडातून स्क्रू खाली पडला. तो घरंगळत गाडीखाली गेला. साहेब ताईकडे बघत राहिले, मग त्या बुटक्या लाल गाडीकडे, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांनी किल्ली बाजूला केली. लिहिलेलं एका रेघेने खोडलं, रेघेवर सही केली, आणि वर लिहिलं, "मूळ पेडल चालकास सोयीचे नसल्याने."

"सोयीचं कशाला?" ताई म्हणाली. "पोचत नाही, असं लिहा."

मी डोळे मिटले. साहेबांनी एक लांब श्वास सोडला, तेही खोडलं, त्याच्यावरही सही केली. तिसऱ्यांदा जे लिहिलं ते मला अजून पाठ आहे. "कंपनीचे मूळ पेडल चालकाच्या पायापर्यंत पोहोचत नसल्याने बदलले आहे."

ताईने सही केली.

परत येताना फिटर बसने गेला, कारण गाडीत जागा दोघांचीच. ताईने उजवा जोडा नीट केला, टाच वाटीत बसवली. "पट्टा लाव," मला म्हणाली. "आणि हाताने समोरची फळी धरून बसू नकोस, मला राग येतो." मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने पाऊल दाबलं. लोक वळून बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "काकू, झेपते का?" ताई म्हणाली, "तुम्ही मागून बघा," आणि दिवा हिरवा झाला.

घरी आल्यावर कपाटातलं कंपनीचं पेडल काढलं. हल्ली मी त्याने चामडं दाबून धरतो. वजन बरं आहे त्याचं.

तर मंडळी, त्या दिवशी फळी धरायची नाही म्हटल्यावर माझ्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा तो सीटखाली गेला. बोटाला एक गाठ लागली. लहानशी, घट्ट. ताईला ठाऊक होतंच, मी कोणाच्या सीटवर बसलोय ते. पेडलखाली पहिला लाकडाचा तुकडा आणून देणारी ती, आणि या गाडीत कधी न बसलेलीही तीच. माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी कोणाच्या गाडीत बसाल आणि हात सहज सीटच्या शिवणीवरून फिरेल, तेव्हा आमच्या शेजारणीची एकदा आठवण काढा.